ध्वनी गेला, आवाज उरला

काही महिन्यांपूर्वी एका रविवारी आम्ही घरातील सात जण एक ऐतिहासिक मराठी चित्रपट पाहण्यास गेलो होतो. चित्रपटाचे नाव मुद्दामच देत नाही. कारण ज्या दोषाविषयी लिहावयाचे आहे, तो त्या एकाच चित्रपटाचा नाही. माझ्या शेजारी धाकट्या भावाची आठ वर्षांची मुलगी बसली होती. अर्धा तास झाला असेल नसेल, तिने दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून धरले. पडद्यावर गडाची चढण सुरू होती, तलवारी अजून म्यानातच होत्या. पण नगारे, तुताऱ्या, समूहस्वरातील आरोळ्या आणि त्यांच्या जोडीला संगणकातून काढलेला कसलासा खोल गडगडाट असा काही एकवटला होता की, बसल्या खुर्चीला कंप सुटला होता. मध्यंतरात मी तिला विचारले, "भीती वाटली का गं?" ती म्हणाली, "भीती नाही काका, कान दुखतात."

परतताना गाडीत चित्रपटाची स्तुती चालली होती. "असे चित्रपट निघायलाच हवेत", "मुलांना इतिहास कळतो", "पैसा वसूल" वगैरे. मी सहज विचारले, "कोणते दृश्य मनात राहिले?" क्षणभर कोणी बोलेना. मग पुतण्याने एक संवाद जोरात म्हणून दाखविला. तो त्याने महिनाभर आधीच मोबाईलवरील जाहिरातीत ऐकलेला होता. अडीच तास सात माणसे अंधारात पडद्याकडे पाहत बसली आणि त्यांच्यापैकी एकालाही एक दृश्य सांगता येऊ नये! दोष आमच्या स्मरणशक्तीचा की दाखविणाऱ्याचा?

या लेखाने काही वाचक रागावतील याची मला कल्पना आहे. विषय छत्रपतींचा, मावळ्यांचा, स्वराज्याचा असला की, हाताळणीविषयी शब्द काढणारा परका ठरतो. "निदान कोणीतरी दाखवतो आहे ना, मग उणीदुणी कशाला?" हा प्रश्न मी बैठकांतून, लग्नघरांतून, अगदी आपल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडूनही ऐकला आहे. माझे म्हणणे नेमके उलट आहे. देवाची मूर्ती घडविणाऱ्याने हात सैल सोडून चालत नाही. विषय जितका वंदनीय, तितकी कारागिरीची जबाबदारी मोठी. विषयाच्या पुण्याईवर कलेतील आळस खपविणे हा त्या विषयाचाच अवमान आहे.

चित्रपट बोलतो कशाने? आपण समजतो, तो संवादांनी बोलतो. वास्तविक संवाद हा त्याच्या भाषेतील सर्वात उघडा, म्हणून सर्वात दुबळा भाग. प्रेक्षकाच्या मनाचा कब्जा घेतात ते प्रकाश आणि सावली, रंग, कॅमेऱ्याची उंची, दोन दृश्यांची जोडणी, दाराची कुरकुर, पावलांचा आवाज आणि आवाज थांबल्यानंतरची शांतता. संवादाशी आपण मनातल्या मनात वाद घालू शकतो. खालून उभा राहिलेल्या कॅमेऱ्याशी वाद कसा घालणार? त्याने दाखविलेला माणूस आपल्याला नकळत मोठा वाटू लागतो आणि तो का मोठा वाटला, हे आपण स्वतःलाही विचारत नाही.

बी.ए.ला आम्हाला काव्यशास्त्राची एक प्रश्नपत्रिका होती. त्या वेळी ती रटाळ वाटे. आज मात्र चित्रपटगृहात बसलो की तीच आठवते. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहिला. शब्दाचा सरळ अर्थ ती अभिधा, त्यावरून घ्यावा लागणारा अर्थ ती लक्षणा आणि न बोलता सुचविलेला अर्थ ती व्यंजना. ही व्यंजना, म्हणजेच ध्वनी, हाच काव्याचा आत्मा असे त्याचे प्रतिपादन. घंटेवर टोला पडतो तो एक क्षण. त्यानंतर बराच वेळ रेंगाळणारे अनुरणन, तसा हा ध्वनी. पुढे मम्मटाने रसदोषांची यादी केली तेव्हा 'स्वशब्दवाच्यत्व' हा दोष सांगितला. रसाचे वा भावाचे नाव घेऊन रस निर्माण होत नाही. 'तिला अतिशय दुःख झाले' असे कवीने लिहिले की, वाचकाला दुःख होत नाही, फक्त बातमी कळते.

आता हाच निकष आजच्या पडद्याला लावून पाहा. आईचे निधन होते आणि त्याच क्षणी पन्नास व्हायोलिने एकदम रडू लागतात. ही व्हायोलिने काय करतात? 'करुण रस, करुण रस' असे ओरडून सांगतात. नायक वळून पाहतो, गती मंदावते आणि ढोल कडाडतो. म्हणजे 'वीर रस' ही पाटी झळकली. मम्मटाने ज्याला दोष म्हटले, तीच आजची पद्धत झाली आहे. आपल्या भाषेत ध्वनी या एका शब्दात नाद आणि सूचन हे दोन्ही अर्थ नांदतात. चित्रपटगृहाच्या भिंतीत आणि छतात कर्णे बसविले गेले, २०१२ पासून तर डोक्यावरूनही आवाज फिरविणारी डॉल्बी अ‍ॅटमॉस यंत्रणा आली; परंतु या सगळ्या खटाटोपात ध्वनी हरवला आणि आवाज तेवढा उरला.

हे सारे पाश्चात्त्यांकडून शिकावे लागेल, असे कोणी समजू नये. आपल्याच घरात याचे धडे आहेत आणि तेही नव्वद वर्षांपूर्वीचे. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ मध्ये पुण्यास आलेली प्रभात फिल्म कंपनी आपण आज फक्त अभिमानापुरती आठवतो. तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीचे बोधचिन्ह पाहिले की ऊर भरून येतो. पण प्रभातचे चित्रपट शेवटचे कधी पाहिले, असे विचारले तर सांगता येत नाही.

दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' १९३६ चा. व्हेनिसच्या महोत्सवात जगातील तीन उत्कृष्ट चित्रपटांत त्याची गणना झाली, हे आपल्याला तोंडपाठ असते. का झाली, हे मात्र कोणी सांगत नाही. त्याचा आरंभ आठवा. विष्णुपंत पागनीस डोळे मिटून भजन म्हणत आहेत. कॅमेरा हलत नाही, घाई नाही, चेहऱ्यावर अभिनयाचा आव नाही. पुढे तेच भजन सालोमालो आपले म्हणून म्हणू लागतो. नाटकी हरकती घेत, ताना मारत, श्रोत्यांकडे पाहत. शब्द तेच, गाणारा बदलला. कोण खरा आणि कोण चोर, हे एकाही पात्राने न सांगता तुमच्या कानाने तुम्हाला सांगितले. विष्णुपंत दामले हे प्रभातमध्ये ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळणारे आणि साहेबमामा फत्तेलाल कलादिग्दर्शनाची. आवाज आणि आकार यांचे ज्ञान असलेली ही दोन अबोल माणसे. त्यांना भक्ती म्हणजे काय, हे सांगण्यासाठी घोषणेची गरज भासली नाही. भक्तीचा सूर आणि दंभाचा सूर शेजारी शेजारी ठेवले की काम झाले.

आणि गौरीने रंगविलेली ती जिजाई! विठोबावर संतापणारी, पोरांच्या पोटासाठी झगडणारी. तुकोबा वैकुंठास निघाले तरी ती मागे राहते, कारण संसार आहे. आजच्या एखाद्या निर्मात्याने या दृश्यावर किती वाद्ये ओतली असती, याची कल्पनाच करवत नाही.

त्यापुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, व्ही. शांताराम यांनी 'कुंकू' काढला. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. म्हाताऱ्या काकासाहेबांशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा. भूमिका केशवराव दाते आणि शांता आपटे यांच्या. केशवराव भोळे यांच्यासारखा संगीतकार हाताशी असतानाही शांतारामबापूंनी या चित्रपटात पार्श्वसंगीताची कुबडी नाकारली आणि दृश्यातल्याच नैसर्गिक आवाजांवर भिस्त ठेवली. गाण्यालाही साथ लागली तर ती घरातल्या ग्रामोफोनची. भिंतीवरचे जुने घड्याळ हे त्या घरातले जणू एक पात्रच होऊन बसते. मी हा चित्रपट प्रथम पाहिला तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, विद्यार्थिदशेत. बाहेर पडताना लक्षात आले की, चित्रपटाचे नाव 'कुंकू', सारा झगडा त्या एका लाल टिळ्याच्या अर्थाचा, आणि चित्रपटात लाल रंग नाहीच! तो काळा-पांढरा. तरीही त्या टिळ्याचा रंग मला दिसला होता. तो माझ्या मनाने भरला होता. प्रेक्षकाकडून असे काम करून घेणे, त्याला निर्मितीत सहभागी करून घेणे, यालाच आनंदवर्धन सहृदयाची अपेक्षा म्हणतो.

(याच प्रभातने १९३३ मध्ये 'सैरंध्री' रंगीत करण्याचा प्रयत्न केला होता. जर्मनीत प्रक्रिया केली, पण रंग साधले नाहीत. म्हणजे रंगाची हौस त्यांनाही होती. फरक इतकाच की, रंग फसला तेव्हा हातावर हात ठेवून न बसता ते छायाप्रकाशाने बोलायला शिकले.)

त्याच्याही मागे जायचे तर दादासाहेब फाळके. १९१९ च्या 'कालियामर्दन'मध्ये त्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली होती. कथा सुरू होण्याआधी फाळके काय करतात? त्या चिमुरडीचा नुसता चेहरा दाखवितात आणि त्यावर एकामागून एक उमटणारे भाव. हसू, राग, रडू. मग कथा. मूकपटाचा काळ, आवाज नाही, रंग नाही. आणि हा माणूस आपल्या प्रेक्षकाला आधी चेहरा वाचायला शिकवतो! भारतीय चित्रपटाचा जनक आपल्या प्रेक्षकाला विद्यार्थी मानत होता, गिऱ्हाईक नव्हे.

"ही सारी अभ्यासकांची चैन झाली, सामान्य माणसाला दणदणाटच आवडतो," असे सांगणारे शहाणे असतात. त्यांनी 'शोले' पाहिला नाही काय? १९७५ चा हा चित्रपट टांगेवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांनी डोक्यावर घेतला. त्यात गब्बरसिंग प्रथम येतो तो चेहऱ्याने नव्हे. खडकावरची पावले आणि ओढत नेलेल्या पट्ट्याचा आवाज यांनी. ठाकूरच्या घरातील हत्याकांडाची धडकी भरते ती झोक्याच्या कुरकुरीने. लहान मुलावर बंदूक रोखली जाते, आवाज होतो आणि चित्र थेट रेल्वेवर जाते. मूल मेलेले आपण पाहिलेले नाही, तरी ते आयुष्यभर विसरत नाही. आणि ती रोज संध्याकाळी एकेक दिवा मालवणारी पांढऱ्या साडीतील विधवा, दूर ओट्यावर तोंडाने बाजा वाजविणारा जय. त्या दोघांत शब्द किती? तरी खेड्यापाड्यातील शेवटच्या बाकावरच्या माणसाला सारे कळले. सामान्य प्रेक्षक मठ्ठ आहे, हा शोध त्याला मठ्ठ ठेवू इच्छिणाऱ्यांनी लावलेला आहे.

संगीत नकोच, असे माझे म्हणणे नाही. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'त (१९५५) हरिहर परत येतो, मुलीसाठी आणलेली साडी पुढे करतो आणि सर्वजयाचा बांध फुटतो. तिचा आक्रोश आपल्याला ऐकू येत नाही. त्याच्या जागी तारशहनाईचा आर्त स्वर येतो. येथे वाद्य आक्रोशावर चढलेले नाही, ते आक्रोशाच्या जागी आलेले आहे. आधी बराच वेळ राखलेले मौन असल्यामुळे तो एक स्वर काळजात घुसतो. ज्याने सतत वाजविले, त्याला हा क्षण कधीच मिळणार नाही.

आता रंगाकडे येऊ. कारण आवाज निदान कानाला टोचतो तरी. रंगाची फसवणूक आपल्या लक्षातही येत नाही. पूर्वी छायालेखक फिल्म, भिंगे आणि प्रकाश यांच्या आधारे रंग साधत असे. आता चित्रीकरणानंतर संगणकावर संपूर्ण चित्रपटाच्या छटा बदलता येतात. २००० साली हॉलिवूडमधील कोएन बंधूंच्या एका चित्रपटात मिसिसिपीची हिरवीगार झाडी अशा रीतीने वाळकी, धुळकट पिवळी करण्यात आली आणि तेव्हापासून ही सोय जगभर रुजली. सोय वाईट नाही. पण आपल्याकडे तिचा उपयोग काय झाला? इतिहास म्हटला की साऱ्या पडद्यावर तपकिरी-सोनेरी मुलामा. ज्या सह्याद्रीने महाराजांना घडविले, त्याचे जांभ्याचे तांबडे, बेसॉल्टचे निळसर काळे, श्रावणातले शंभर प्रकारचे हिरवे, हे सगळे एका डब्यात बुडवून काढल्यासारखे सारखेच. रायगडावर पावसाळ्यात एकदा उभे राहिलेल्या माणसाला हे सह्याद्रीचे चित्र वाटेल काय? त्यातल्या त्यात 'तुंबाड'सारखा (२०१८) एखादा चित्रपट अनेक पावसाळे थांबून कोकणातला खरा पाऊस पकडतो आणि त्या करड्या, ओल्या अंधारावर लोभाचा लाल रंग उठवितो, तेव्हा कळते की धीर धरला तर काय साधते. तो चित्रपट हिंदीत निघाला, ही आपल्यासाठी विचार करण्यासारखी बाब.

रंगांचेही शास्त्र आपल्याकडे आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने प्रत्येक रसाला वर्ण दिला. शृंगार श्याम, हास्य पांढरा, करुण कपोतवर्ण म्हणजे पारव्याच्या रंगाचा, भयानक काळा, अद्भुत पिवळा. आणि येथे नीट लक्ष द्यावे: रौद्राचा वर्ण लाल, वीराचा गौर. दोन्ही निराळे. रौद्राचा स्थायीभाव क्रोध, वीराचा उत्साह. रौद्र हा राक्षस, दानव आणि उद्धत मनुष्यांच्या ठायी असतो आणि वीर हा उत्तम प्रकृतीच्या पुरुषांचा, हे भरताने स्पष्ट केले आहे. आजच्या आपल्या ऐतिहासिक चित्रपटांवरचा माझा मुख्य आक्षेप हाच आहे. ते वीररस म्हणून आपल्यापुढे ठेवतात तो निव्वळ रौद्र असतो. तारवटलेले डोळे, फुगलेल्या शिरा, पडदाभर लाल, आणि कानठळ्या. ज्या राजाची ख्याती विवेक, संयम, नियोजन, रयतेच्या भाजीच्या देठाचीही काळजी यांसाठी, त्याच्या माणसांना आपण क्रोधाच्या लाल रंगात रंगवितो आणि वर त्याला गौरव म्हणतो! भालजी पेंढारकरांनी १९५२ मध्ये 'छत्रपती शिवाजी' काढला तेव्हा त्यांच्याकडे आजच्या साधनांचा शतांशही नव्हता. त्यांचे संवाद क्वचित नाटकी वाटतात, हे मान्य. पण चंद्रकांत मांढरे यांचे महाराज स्थिर उभे राहत आणि त्या स्थिर उभे राहण्यात सत्ता होती.

शत्रूच्या बाबतीत तर आणखी सोपा मार्ग सापडला आहे. २०१८ च्या 'पद्मावत'मध्ये खिलजीभोवती अंधार, मोकळे केस आणि मांसावर तुटून पडणे. २०२० च्या 'तान्हाजी'मध्ये उदयभान काळ्या पोशाखात, डोळ्यांत काजळ. हा उदयभान इतिहासात रजपूत किल्लेदार होता. एका रजपुताने मोगलांसाठी कोंढाणा लढवावा आणि मालुसरे बंधूंनी तो प्राणपणाने घ्यावा, यात केवढे नाट्य आहे! आपल्याच समाजाच्या इतिहासातला तो एक बोचरा प्रश्न आहे. पण एकदा का त्याला काळा रंग फासला की, प्रश्न विचारण्याची गरजच उरली नाही. श्वापदाला मारण्यात कसला आला पराक्रम? समोरचा शूर, बुद्धिमान, मातब्बर असेल तरच कोंढाण्याची ती रात्र थोर ठरते.

आपली एक जुनी आणि न्याय्य तक्रार आहे. हिंदी चित्रपटांनी वर्षानुवर्षे गंध लावलेला लबाड सावकार, जपमाळ ओढणारा कपटी, भगव्या वस्त्रातला ढोंगी अशा ठरीव प्रतिमा वापरल्या. 'मदर इंडिया'तला (१९५७) कन्हैयालाल यांचा सुखीलाला निदान हाडामांसाचा माणूस होता. त्याच्या नकलांनी फक्त गंध आणि माळ तेवढी उचलली. खलनायकाने कट शिजवायचा आणि मागे देवघरातली घंटा वाजवायची! घंटा आणि पाप यांची अशी गाठ शंभरदा मारली की, न बोलता मनावर परिणाम होतो. आपण या प्रकाराला विरोध केला, तो योग्यच होता. मग आता तोच ठसा उलटा करून आपण वापरायचा आणि टाळ्या पिटायच्या? तेव्हा ती लबाडी होती, तर आज ती कला कशी झाली? ज्याला प्रतिमेची ताकद कळली आहे, त्याने तिच्या दुरुपयोगाला दोन्हीकडे हरकत घ्यावयास हवी.

ही ताकद केवढी, याचा एक दाखला. १९२५ साली रशियात आयझेनस्टाइनने 'बॅटलशिप पोटेमकिन' काढला. चित्रपट काळा-पांढरा, पण जहाजावर चढणारा झेंडा तेवढा लाल. एकशे आठ चौकटी हाताने रंगविल्या होत्या. विचार साम्यवादाचा, आपल्याला मुळीच मान्य नसलेला. पण साऱ्या काळ्या-करड्या पटात तो एकच रंग असा ठेवला की, पाहणारा भारावून जावा. गंमत म्हणजे साम्यवादाचा हाडवैरी असलेल्या गोबेल्सने १९३३ मध्ये या चित्रपटाची जाहीर तारीफ केली आणि आपल्या लोकांनी यासारखे काही करावे, असे सुचविले. याचा अर्थ नीट समजून घ्यावा. हे हत्यार कोणाच्याही हातात चालते. म्हणूनच ज्याच्यावर ते चालविले जाते, त्या प्रेक्षकाचे डोळे-कान जागे हवेत. हत्यार आपल्या बाजूच्या माणसाच्या हाती असले तरीही. किंबहुना, तेव्हा अधिकच.

आणि जागे राहण्याची कुवत मराठी प्रेक्षकात आहे. २००४ मध्ये 'श्वास' आला. शस्त्रक्रियेनंतर नातवाची दृष्टी जाणार, म्हणून आजोबा त्याला आदल्या दिवशी शहर दाखवायला घेऊन जातात. त्या पोराबरोबर आपणही प्रत्येक वस्तू शेवटची म्हणून पाहू लागतो. कोणी आपल्याला रडा म्हणून सांगत नाही. आपल्या घराघरांतून तो पाहिला गेला आणि तिकिटे काढून पाहिला गेला. नागराज मंजुळे यांच्या सामाजिक मांडणीशी माझे काही मतभेद आहेत आणि ते पुढेही राहतील. पण 'सैराट'चा (२०१६) शेवट नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. तीन तास ज्या चित्रपटाने अख्ख्या महाराष्ट्राला गाण्यांवर नाचविले, तो शेवटी सारा आवाज काढून घेतो. लहान मूल, रक्ताळलेली पावले आणि शांतता. मी ज्या चित्रपटगृहात होतो, तेथे दिवे लागल्यावरही दोन मिनिटे कोणी उठले नाही. शिट्ट्या मारणारी तरुण पोरे मान खाली घालून बाहेर पडली. जातीच्या अहंकारावरची दहा भाषणे जे करू शकली नसती, ते त्या शांततेने केले. त्याच्याकडून हे शिकण्यात कमीपणा कसला?

आपण मात्र अजून विषयांचीच मोजदाद करीत बसलो आहोत. देशभक्तीपर आहे का? ऐतिहासिक आहे का? मग आपला. कौटुंबिक मेळाव्यात चित्रपट दाखविला जातो, शेवटी घोषणा होतात, चहा होतो आणि मंडळी पांगतात. तो कसा दाखविला, कशाने भारावलो, कुठे नुसतेच भारावले गेलो, यावर पंधरा मिनिटेही बोलणे होत नाही. आपल्या शाखांतून, पाठचर्चांतून मुलांना गीत पाठ करायला लावतात. त्याचबरोबर महिन्यातून एखादा चित्रपट दाखवून 'काय ऐकू आले? काय दिसले? कोणता रंग सारखा येत होता? कुठे शांतता होती?' एवढे चारच प्रश्न विचारावेत. त्याला खर्च नाही. पुण्याला चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, प्रभातच्या जुन्या आवारातच चित्रपटाचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आहे. तेथे आपल्या घरांतली किती मुले ध्वनिमुद्रण किंवा छायालेखन शिकायला जातात? अभियांत्रिकीला जागा मिळाली नाही तर बघू, असे म्हणून नव्हे, मनापासून? चित्रपटसृष्टी आपल्या विचारांची नाही म्हणून पन्नास वर्षे कुरकुर करायची आणि त्या सृष्टीची भाषा शिकायला एकही मुलगा पाठवायचा नाही, हा कुठला न्याय?

पुतणीच्या कानांचा विषय मनातून जात नव्हता. दिवाळीच्या सुटीत ती घरी आली तेव्हा मी संगणकावर 'संत तुकाराम' लावला. "यात रंगच नाहीत," म्हणून तिने प्रथम तोंड वाकडे केले. मी आवाज अगदी बेताचा ठेवला होता. ती पोटावर पडून, हनुवटीखाली हात घेऊन पाहू लागली. सालोमालो गाऊ लागला तशी ती उठून बसली. "काका, हे तर मघाचंच गाणं. हा असा का म्हणतो?"

"असा म्हणजे कसा?"

तिने थोडा विचार केला आणि मान वेळावून, हात नाचवून सालोमालोची हुबेहूब नक्कल करून दाखविली. मग म्हणाली, "पुन्हा मागे घ्या ना. पहिल्या बाबांचं परत ऐकायचंय."

मी मागे घेत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईची हाक आली, "थांब रे, मी येते. मग लाव."